औषध आणि अनुपान

औषधाविषयी आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. ते कशावर चालते, हा पहिला. आणि त्याची किंमत काय, हा दुसरा. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो असा की, घेतलेले औषध शरीरात विरघळते काय? हा प्रश्न वरकरणी रसायनशास्त्राच्या वर्गातला वाटतो. परंतु रोगी बरा होणे किंवा न होणे, त्याचे मूत्रपिंड शाबूत राहणे किंवा निकामी होणे, आणि एकाच रोगाच्या दोन रोग्यांना त्यांच्या ऐपतीप्रमाणे दोन वेगळी औषधे मिळणे, या साऱ्या गोष्टी या एका प्रश्नाशी निगडित आहेत. २०२१ सालच्या काळ्या बुरशीच्या साथीत महाराष्ट्राने याचा विदारक अनुभव घेतला. साथ ओसरली तसा तो अनुभवही विस्मरणात जाऊ लागला आहे. त्यापासून घ्यावयाचा धडा मात्र अद्याप घेतला गेलेला नाही.

प्रश्न किती जवळचा आहे हे पाहण्यासाठी मोठ्या इस्पितळात जाण्याचे कारण नाही. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूर घ्या किंवा राज्यातील दुसरे कोणतेही गाव घ्या. राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळाशाळांतून मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चावून खाण्यास दिली जाते. ती वाटण्याचे काम शिक्षकांकडेच असते. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आतड्यातल्या जंतांच्या बाबतीत ही अडचण नसून सोयच आहे. कारण औषध आतड्यातच राहते आणि तेथेच आपले काम करते. परंतु फीतकृमीच्या अळ्या एखाद्याच्या मेंदूत जाऊन बसल्या, तर तेच औषध रक्तात उतरावे लागते. अशा रोग्याला डॉक्टर गोळी स्निग्ध जेवणाबरोबर घेण्यास सांगतात. तसे केल्यास रक्तातील औषधाचे प्रमाण रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीच्या पाचपटीपर्यंत वाढते. गोळी तीच, कारखाना तोच, किंमतही तीच. फरक पडतो तो पानातल्या तुपातेलाने.

रिठ्याचे रसायन

मनुष्याचे रक्त हे मुख्यत: पाणी आहे. आतड्यातील रसही पाणीच. गिळलेली गोळी प्रथम या पाण्यात विरघळल्याशिवाय आतड्याच्या भिंतीतून पलीकडे जात नाही. तथापि आधुनिक औषधांपैकी पुष्कळांचे रेणू तेलकट वृत्तीचे असतात. बाजारातील तोंडाने घ्यावयाच्या औषधांपैकी सुमारे ४० टक्के औषधे पाण्यात कमी विरघळणारी आहेत, असा सर्वसाधारण अंदाज आहे. नव्याने शोधल्या जाणाऱ्या रेणूंत हे प्रमाण याहून बरेच अधिक असते. प्रयोगशाळेतील काचपात्रात रोगजंतूंचा फडशा पाडणारा रेणू रोग्याच्या पोटात मात्र वाळूच्या कणासारखा पडून राहतो आणि विष्ठेवाटे निघून जातो. औषधशास्त्रापुढची ही फार जुनी अडचण आहे.

तिच्यावरचे एक उत्तर प्रत्येक घराला ठाऊक आहे, फक्त ते औषधाच्या संदर्भात ठाऊक नाही. तेलाने माखलेले केस नुसत्या पाण्याने स्वच्छ होत नाहीत. रिठा किंवा शिकेकाई लावली की तेल निघून जाते. रिठ्यातील सॅपोनिन नावाच्या द्रव्याच्या रेणूला दोन टोके असतात. एका टोकाला पाणी प्रिय, दुसऱ्याला तेल. अशा द्रव्यांना पृष्ठसक्रिय द्रव्ये किंवा सर्फॅक्टंट म्हणतात. पाण्यात त्यांचे प्रमाण एका ठराविक मर्यादेपलीकडे गेले, की त्यांचे रेणू एकत्र येऊन सूक्ष्म गोलक बनवितात. तेलप्रिय टोके आत, जलप्रिय टोके बाहेर. या गोलकाला मायसेल असे नाव आहे. त्याच्या पोटात तेलाचा कण बसतो आणि वरून तो पाण्यात सहज तरंगतो. साबण हेच करतो. तेलाच्या जागी न विरघळणारे औषध ठेवले, की औषधशास्त्रातील एक मोठे तंत्र हाती येते.

शरीराला हे तंत्र उपजतच अवगत आहे. यकृतातून येणाऱ्या पित्तरसातील लवणे ही सर्फॅक्टंटच होत. जेवणात तूप-तेल आले, की पित्ताशय आकुंचन पावते, पित्तरस आतड्यात उतरतो आणि स्निग्ध पदार्थांबरोबरच न विरघळणारी औषधेही आपल्या गोलकांत सामावून घेतो. गजकर्णावरील ग्रिसिओफुल्विन हे जुने औषध स्निग्ध जेवणाबरोबर अधिक लागू पडते, त्याचे एक कारण हे आहे. आपल्या वैद्यांनी औषधाबरोबर तूप, दूध, मध घेण्यास सांगितले आणि त्याला अनुपान असा स्वतंत्र शब्द योजला. त्यामागील सर्वच स्पष्टीकरणे आजच्या कसोटीला उतरतील असे नाही. परंतु औषधाइतकेच त्याचे वाहनही महत्त्वाचे, ही जाण त्या शब्दात निश्चित आहे. आधुनिक व्यवहारात नेमकी तीच लोप पावली आहे.

एका औषधाची कथा

अँफोटेरिसिन बी या औषधाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या प्रदेशातून आणलेल्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून ते १९५५ साली मिळाले. शरीरात खोलवर शिरलेल्या बुरशीवर इतके प्रभावी औषध तोवर हाती नव्हते. पण ते पाण्यात विरघळेना, आणि पोटात घेतले तर रक्तात जाईना. अखेर सोडियम डीऑक्सिकोलेट या पित्तलवणाचा, म्हणजेच एका सर्फॅक्टंटचा आधार घेण्यात आला. ५० मिलिग्रॅम औषधाला ४१ मिलिग्रॅम पित्तलवण अशी जोड दिल्यावर ते शिरेतून देता येऊ लागले. म्हणजे जवळजवळ औषधाइतकेच वाहन. ही जोडही नाजूक असते. कुपीतील भुकटी ग्लुकोजच्या पाण्यात मिसळावी लागते. सलाइनमध्ये मिसळली तर औषधाचा साका खाली बसतो.

या जोडीने असंख्य प्राण वाचविले. पण त्याची किंमतही वसूल केली. अँफोटेरिसिन बुरशीच्या पेशींच्या आवरणातील एका द्रव्याला जाऊन चिकटते आणि त्या आवरणाला छिद्रे पाडते. मनुष्याच्या पेशींच्या आवरणात त्याच जातकुळीचे कोलेस्टेरॉल असते. पित्तलवणाची पकड सैल असल्याने रक्तात मोकळे झालेले औषध मूत्रपिंडाच्या पेशींनाही सोडीत नाही. थंडी वाजून ताप येणे, रक्तातील पोटॅशियम उतरणे आणि मूत्रपिंडाचे कार्य मंदावणे हे त्याचे नित्याचे परिणाम. रोग आटोक्यात येण्यापूर्वीच औषध थांबवावे लागावे, अशी वेळ अनेकदा येते.

यावर उपाय निघाला तो औषध बदलून निघाला नाही, वाहन बदलून निघाला. केंब्रिजजवळील संशोधक अ‍ॅलेक बँगहम यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत असे दाखवून दिले होते की, फॉस्फोलिपिड नावाची दुतोंडी स्निग्ध द्रव्ये पाण्यात आपोआप पोकळ गोलक बनवितात. त्यांना लायपोसोम असे नाव मिळाले. अँफोटेरिसिन या गोलकांच्या भिंतीत घट्ट बसविले, की बुरशीशी गाठ पडेपर्यंत ते बरेचसे तेथेच राहते. मूत्रपिंडांना होणारा उपद्रव त्यामुळे पुष्कळच कमी होतो. जुन्या प्रकारात रोग्याच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक मिलिग्रॅमच्या आसपास थांबावे लागे. लायपोसोमच्या प्रकारात पाच मिलिग्रॅमपर्यंत औषध देता येते. एकाच रेणूचे एका वाहनात दुधारी शस्त्र होते आणि दुसऱ्या वाहनात ते बरेच आज्ञाधारक होते.

२०२१ चा उन्हाळा

कोविडच्या दुसऱ्या लाटेत मधुमेह आणि स्टेरॉइडचा भरमसाट वापर यांचा संयोग झाला आणि म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडची काळी बुरशी, झपाट्याने पसरली. मे महिन्यात केंद्राने हा रोग अधिसूचित करण्यास राज्यांना सांगितले. जुलैच्या मध्यापर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रोगी नोंदले गेले आणि चार हजारांवर मृत्यू झाले. सर्वाधिक रोगी महाराष्ट्रात होते. कित्येकांचे डोळे काढावे लागले, कित्येकांचे जबडे कापावे लागले. जे शस्त्रक्रियेतून वाचले त्यांना पुढे आठवडेच्या आठवडे अँफोटेरिसिन आवश्यक होते.

साठ किलो वजनाच्या रोग्याला लायपोसोमच्या प्रकारात दिवसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या लागतात. एका कुपीचा भाव सात हजार रुपयांच्या घरात होता. दिवसाचा खर्च बेचाळीस हजार, आणि उपचार किमान तीन आठवड्यांचा. ज्या घरातील माणसे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, त्या घरात हा हिशेब मांडण्यातही अर्थ नव्हता. राज्य शासनाने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली उपचार मोफत केले, हे योग्यच झाले. परंतु कुप्याच नव्हत्या. केंद्र राज्यांना मोजून कुप्या देई, राज्य जिल्ह्यांना, जिल्हा इस्पितळांना. औषधाच्या वाटपाचा हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. उमापूरच्या परिसरातील रोग्याला आधी गेवराई, मग बीड, अंबाजोगाई किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावयाचे, आणि तेथे कुपीची वाट पाहावयाची, अशी ती परिस्थिती होती.

या दिवसांत तुटवडा नेमका कशाचा होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. पित्तलवणावरचे जुने औषध त्या मानाने स्वस्त होते; मूत्रपिंडाच्या भीतीमुळे डॉक्टर ते नाइलाज झाला तरच वापरीत. खरा दुष्काळ होता तो सुरक्षित वाहनाचा. ज्याला लायपोसोमची कुपी मिळाली तो मूत्रपिंड राखून बरा होऊ शकला. ज्याला ती मिळाली नाही त्याला बुरशी आणि मूत्रपिंड यांच्यात सौदा करावा लागला. मधुमेहाने ज्याचे मूत्रपिंड आधीच दुबळे केले आहे अशा रोग्याच्या दृष्टीने हा सौदा किती महाग होता, हे सांगावयास नको.

ज्ञान घरचे, टंचाईही घरची

हे वाहन बनविण्याची विद्या भारताला अपरिचित असती, तर या टंचाईला दैव म्हणता आले असते. वस्तुस्थिती तशी नाही. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात आणि त्याला जोडलेल्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी, दिल्ली विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ बिमलकुमार बच्छावत यांच्या सहकार्याने, लायपोसोममधील अँफोटेरिसिनवर अनेक वर्षे काम केले होते. त्यातून निर्माण झालेले भारतीय औषध रोग्यांवर पारखले गेले, बुरशीप्रमाणेच काळा आजार या रोगावरही वापरले गेले आणि बाजारातही आले. महापालिकेच्या इस्पितळात, सार्वजनिक पैशावर, पगारी प्राध्यापकांनी केलेले हे काम आहे. परदेशातील बड्या कंपन्यांच्या खालोखाल हे साध्य करणारे आपण होतो. तरीही साथीच्या वेळी उत्पादन अपुरे पडले. कारण शांततेच्या काळात त्या विद्येला गिऱ्हाईक नव्हते आणि शासनाने ते निर्माण केले नव्हते.

अडचण केवळ उत्पादनाच्या इच्छेची असते, हे वर्ध्याने दाखवून दिले. तेथील जेनेटिक लाइफ सायन्सेस या कारखान्याने मे २०२१ च्या अखेरीस अँफोटेरिसिनचे पायस, म्हणजे स्निग्ध कणांवर बसविलेले इंजेक्शन, तयार करण्यास आरंभ केला. सात हजारांच्या कुपीच्या जागी बाराशे रुपयांची कुपी मिळेल असे त्या वेळी जाहीर करण्यात आले. लायपोसोम आणि पायस ही एकच वस्तू नव्हे. दोहोंचे गुणदोष वेगळे आहेत आणि एकाच्या जागी दुसरे देण्याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो. परंतु विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी असे वाहन बनू शकते, एवढे तरी यातून सिद्ध झाले.

सुरक्षित वाहन गरिबाला परवडत नाही, हे विधानही तपासून पाहिले पाहिजे. बिहारमधील काळ्या आजाराच्या रोग्यांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या औषधाची पंधरा इंजेक्शने एक दिवसाआड, म्हणजे सुमारे महिनाभर, देण्यात आली. दुसऱ्या गटाला लायपोसोमच्या औषधाची एकच मात्रा एका दिवसात दिली. दोन्ही गटांत पंचाण्णव टक्क्यांहून अधिक रोगी बरे झाले. मजुराचा महिनाभराचा रोजगार आणि इस्पितळातील खाट यांचा हिशेब केला, तर महाग दिसणारे औषध तितके महाग राहत नाही. २०१४ पासून भारताच्या काळा आजार निर्मूलन कार्यक्रमात हीच एकदिवसीय पद्धत स्वीकारण्यात आली. त्यासाठी लागणारे औषध कंपनीकडून जागतिक आरोग्य संघटनेमार्फत देणगीदाखल मिळाले. गरिबातल्या गरीब रोग्यापर्यंत उत्तम वाहन पोहोचविणे अशक्य नाही. त्यासाठी आधी ठरवावे लागते, एवढेच.

वाहनच विष होते तेव्हा

या विषयाला दुसरी बाजूही आहे. वाहन निरुपद्रवी असेलच असे नाही. कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल हे औषध पाण्यात विरघळत नाही. ते शिरेतून देण्यासाठी क्रेमोफोर नावाचा सर्फॅक्टंट वापरतात. तो एरंडेल तेलापासूनच बनतो. शेताच्या बांधावरील एरंडाचे हे दूरचे अपत्य. परंतु त्याने काही रोग्यांना तीव्र प्रतिक्रिया येते आणि म्हणून औषधापूर्वी स्टेरॉइड देऊन ठेवावे लागते. दुसऱ्या औषधांत सर्फॅक्टंट अति झाला, तर औषध त्याच्या गोलकांतच अडकून राहते आणि आतड्यातून शोषले जात नाही. केवळ विरघळले म्हणजे काम झाले, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये.

विद्रावकाच्या बाबतीतील हलगर्जीपणाने तर इतिहासात स्मशाने भरली आहेत. १९३७ साली अमेरिकेतील मॅसेंगिल कंपनीने सल्फानिलामाइड हे न विरघळणारे औषध डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून गोड पातळ औषध म्हणून विकले. विद्रावकाची विषपरीक्षा कोणी केली नव्हती. शंभरावर माणसे मूत्रपिंड निकामी होऊन मेली, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेला नवा औषध कायदा करावा लागला. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरिनने चौदा रोग्यांचा बळी घेतला. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणातील औषध खरेदी आणि तपासणी यांच्या साऱ्या यंत्रणेची लक्तरे वेशीवर टांगली. एरवी औषधात सहद्रव्य म्हणून वापरले जाणारे ग्लिसरिन तेथे औषध म्हणूनच दिले गेले होते, एवढाच काय तो फरक.

त्यानंतर चार दशके लोटली. २०२२ साली गांबियातील बालकांच्या मृत्यूंशी भारतीय खोकल्याच्या औषधांचा संबंध जोडला गेला. १ जून २०२३ पासून निर्यात होणाऱ्या अशा औषधांची सरकारी प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची झाली; देशातच विकल्या जाणाऱ्या बाटलीला मात्र ती अट नव्हती. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याच्या परिसरातील वीसहून अधिक बालके एका खोकल्याच्या औषधाने दगावली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले गेले होते. त्या औषधाच्या नमुन्यात ४८ टक्क्यांवर डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. परक्या देशातील मुलासाठी जी दक्षता आपण कागदावर आणली, ती आपल्या मुलासाठी आणण्यास आपल्याला सवड झाली नाही, असाच याचा अर्थ होतो.

करावयाचे काय?

या साऱ्या घटनांच्या मुळाशी एक समान वृत्ती आहे. वेष्टनावर ज्याचे नाव ठळक छापले आहे तेच औषध, बाकी सारा भरताड, ही ती वृत्ती. कायद्याने तिला थोडा छेद दिला आहे. तोंडाने घ्यावयाची जी औषधे पाण्यात कमी विरघळतात, त्यांच्या जेनेरिक प्रतींना नव्याने परवाना मागणाऱ्या उत्पादकाने ती मूळ औषधाइतकीच रक्तात उतरतात हे सिद्ध केले पाहिजे, असा नियम २०१७ च्या एप्रिलमध्ये झाला. नियम चांगला आहे. परंतु त्यापूर्वी परवाने मिळालेली असंख्य उत्पादने बाजारात आहेत. जेनेरिक औषधांचा प्रसार झालाच पाहिजे; गरिबाला दुसरा मार्ग नाही. पण त्याच कारणासाठी त्या औषधांची विद्राव्यता अधिक कठोरपणे तपासली गेली पाहिजे. नाव तेच, मात्रा तीच आणि गुण मात्र निम्मा, असे झाले तर लोकांचा विश्वास औषधावरून उडेल आणि दोष जेनेरिक या संकल्पनेच्या माथी मारला जाईल.

दुसरी गोष्ट सहद्रव्यांची. औषधात काय मिसळले आहे याची पूर्ण यादी आपल्याकडे वेष्टनावर बहुधा नसते. ती असावी. विद्रावकाचा प्रत्येक नवा साठा वापरण्यापूर्वी तपासला जावा आणि त्याची नोंद अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाला मागताक्षणी पाहावयास मिळावी. यासाठी निरीक्षक हवेत, प्रयोगशाळा हव्यात आणि त्यांचे अहवाल महिने उलटण्यापूर्वी हाती यावयास हवेत. निरीक्षकांची पदे रिकामी ठेवून वाचविलेला पैसा पुढे इस्पितळात आणि न्यायालयात कित्येक पटींनी खर्च होतो, हे जे. जे. प्रकरणानेच शिकविले आहे.

तिसरी गोष्ट संशोधनाची. लायपोसोमसाठी लागणारे फॉस्फोलिपिड सोयाबीनपासून मिळू शकते, आणि मराठवाड्याचे शिवार सोयाबीनने भरलेले असते. एरंडाच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर आहे. विद्या मुंबईच्या सार्वजनिक इस्पितळात जन्मली. या तिन्ही गोष्टी एका सूत्रात गुंफण्याचे काम बाजार आपण होऊन करणार नाही. कारण साथ नसते तेव्हा त्यात नफा नसतो. शासनाने अशा औषधांचा ठराविक साठा दरवर्षी विकत घेण्याची हमी दिली, तर कारखाने चालू राहतील आणि पुढच्या साथीत कुप्यांसाठी रांगा लागणार नाहीत.

चौथी गोष्ट सर्वांत स्वस्त, आणि म्हणूनच सर्वाधिक दुर्लक्षित आहे. औषध कसे घ्यावयाचे हे रोग्याला सांगणे. गजकर्ण, नायटा यांनी हैराण झालेला ऊसतोड मजूर दुकानातून कापून दिलेली चार कॅप्सूलची पट्टी घेतो. वेष्टन दुकानातच राहते. इट्राकोनॅझोलची ती कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्यावयाची असते आणि पित्तशामक औषधाबरोबर घ्यावयाची नसते. हे त्याला कोणी सांगत नाही. तो ती पहाटे कोऱ्या चहाबरोबर घेतो, फडात जातो, आणि पंधरा दिवसांनी औषध लागू पडत नाही म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. पैसा गेला, रोग राहिला, आणि अर्धवट औषधाला सरावलेली बुरशी घरादारात पसरण्याचा धोका वाढला. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषध खिडकीवर आणि दुकानाच्या गल्ल्यावर "जेवणासोबत" किंवा "उपाशीपोटी" हा एक शब्द मराठीत लिहून देण्यास कोणत्याही अंदाजपत्रकात तरतूद करावी लागत नाही. हेच काम शाळाही करू शकतात. रिठ्याचा फेस, साबणाचा गोलक आणि पित्तरसाचे कार्य हे तीन धडे वेगवेगळ्या पानांवर असतात. त्यांचा धागा जोडून दाखविणारा शिक्षक आरोग्य खात्याच्या अनेक पत्रकांपेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

काळ्या बुरशीची साथ पुन्हा येईल किंवा न येईल. न विरघळणारी औषधे मात्र येतच राहणार आहेत, आणि त्यांना शरीरात पोहोचविणाऱ्या वाहनांवरच त्यांचे यशापयश ठरणार आहे. नुसता रेणू मोफत देऊन रोग्याचा हक्क पुरा होत नाही. तो रेणू ज्याच्या आधाराने त्याच्या रक्तात उतरतो ते द्रव्य शुद्ध, सुरक्षित आणि त्याच्या आवाक्यातले असणे, हाही त्या हक्काचाच भाग आहे. औषध सर्वांना एक, पण अनुपान ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, ही २०२१ सालची व्यवस्था पुढील साथीपर्यंत तशीच ठेवावयाची काय, याचे उत्तर शासनाने साथ नसतानाच दिले पाहिजे.